गवत कापण्याच्या यंत्रातील बंदिस्त बेअरिंग

मध्य प्रदेशातील जबलपूर शहराच्या परिसरात वर्षाकाठी पडणाऱ्या पावसाचा फार मोठा भाग जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच पडतो. गवताची वाढही याच काळात सर्वांत जोमाने होते. छावणीतील मैदाने, १९०४ साली स्थापन झालेल्या गन कॅरेज फॅक्टरीसारख्या मोठ्या कारखान्यांच्या वसाहती, १९६४ साली स्थापन झालेल्या जवाहरलाल नेहरू कृषी विश्वविद्यालयाची प्रांगणे, शाळा, इस्पितळे व उद्याने अशा ठिकाणी या दिवसांत गवत वारंवार कापावे लागते. ते वेळेवर कापले गेले नाही, तर त्यात डास, साप व विंचू यांना आसरा मिळतो. आणि त्यातील तणांनी एकदा बी धरले, म्हणजे पुढील वर्षाची चिंता याच वर्षी पेरली जाते. तणांचा अभ्यास करणारी राष्ट्रीय संस्था १९८९ पासून जबलपुरातच कार्य करीत आहे.

ज्या दिवसांत यंत्राची गरज सर्वांत अधिक, नेमक्या त्याच दिवसांत ते बंद पडावे, असा अनुभव अनेक ठिकाणी येतो. इंजिन उत्तम चालू असते, पातेही शाबूत असते. परंतु पात्याच्या दांड्यातून प्रथम गुणगुण, नंतर खरखर आणि अखेरीस कर्कश किंकाळी ऐकू येऊ लागते. दोष असतो तो मुठीत सहज मावेल एवढ्या एका कड्यात. या कड्यास बेअरिंग असे म्हणतात. शास्त्रीय परिभाषेत त्यास धारवा अशी संज्ञा आहे. हे बेअरिंग का निकामी होते आणि त्याच्या जागी दोन्ही बाजूंनी बंदिस्त असलेले बेअरिंग बसविल्याने काय साधते, याचा विचार या पुस्तिकेत केला आहे.

यंत्राची रचना

हिरवळ कापण्याचे पहिले यंत्र इंग्लंडमधील एडविन बडिंग याने तयार केले व १८३० साली त्याचे एकस्व मिळविले. लोकरी कापडावरील तंतू छाटून ते गुळगुळीत करणारे यंत्र त्याने गिरणीत पाहिले होते. त्याच तत्त्वाचा उपयोग त्याने गवतासाठी केला. या यंत्रात आडव्या दंडगोलावर बसविलेली पाती एका स्थिर पात्यावरून फिरतात आणि गवत कात्रीप्रमाणे त्यांच्यामध्ये सापडून कापले जाते.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात दुसऱ्या प्रकारचे यंत्र लोकप्रिय झाले. यात उभ्या दांड्याच्या खालच्या टोकास एक सपाट पाते जमिनीला समांतर बसविलेले असते. येथे स्थिर पाते मुळीच नसते. गवताची पात कोणत्याही आधाराविना उभी असता तिला इतक्या वेगाने तडाखा बसतो, की वाकण्यास अवसर मिळण्यापूर्वीच ती तुटते. कोयत्याचा सपकन केलेला वार ज्या तत्त्वाने काम करतो, तेच हे तत्त्व होय. वेग मंदावला, तर गवत कापले न जाता नुसते झोडपले जाते व त्याची टोके पिवळी पडतात.

हा वेग किती असतो, हे साध्या गणिताने काढता येते. पाते टोकापासून टोकापर्यंत ५० सेंटिमीटर लांब आहे व ते मिनिटास ३,००० फेरे करते, असे धरू. एका फेऱ्यात टोक सुमारे १.५७ मीटर अंतर कापते आणि सेकंदास ५० फेरे होतात. म्हणजे टोकाचा वेग सेकंदास सुमारे ७८ मीटर, अर्थात ताशी सुमारे २८० किलोमीटर इतका होतो. एवढ्या वेगाने फिरणाऱ्या पात्यावर पोलादी पत्र्याचे झाकण असते. त्यास डेक म्हणतात. डेकवर एक पोकळ बैठक बोल्टांनी आवळलेली असते. तिच्यातून जाणाऱ्या उभ्या दांड्यास स्पिंडल असे नाव आहे. स्पिंडलच्या वरच्या टोकास पट्ट्याने फिरणारी पुली व खालच्या टोकास पाते असते. आणि बैठकीत वर एक व खाली एक अशी दोन बेअरिंगे त्याला सरळ धरून ठेवतात. पात्याचा सर्व वेग आणि सर्व हादरे या दोन कड्यांवरच विसंबून असतात.

बैलगाडीच्या आसापासून गोळ्यांच्या बेअरिंगपर्यंत

बैलगाडीचे चाक आसावर फिरते तेव्हा दोन पृष्ठभाग एकमेकांवर घासतात. घर्षण कमी व्हावे म्हणून गाडीवान त्यात वंगण घालतो, आणि रस्त्यावरची धूळ त्यात मिसळून ते काळे व खरखरीत झाले, की पुसून काढून नवे घालतो. वंगणाबरोबर धूळही आत शिरते, ही अडचण तितकीच जुनी आहे.

घासण्याऐवजी गडगडण्याची योजना केली, तर घर्षण पुष्कळच कमी होते. वेल्समधील फिलिप व्हॉन याने १७९४ साली गाडीच्या आसासाठी गोळ्यांच्या बेअरिंगचे एकस्व घेतले. तथापि सर्व गोळ्या अगदी एकाच मापाच्या व पूर्ण गोल करणे त्या काळी कठीण होते. जर्मनीतील फ्रीड्रिख फिशर याने १८८३ साली पोलादी गोळ्या घासून एकसारख्या करणारे यंत्र बनविल्यावर ही अडचण दूर झाली. भारतात जयपूर येथे १९४६ साली बेअरिंगचा कारखाना स्थापन झाला. पुढे पुण्याजवळ चिंचवड येथेही हा उद्योग उभा राहिला.

आजच्या बेअरिंगमध्ये एक आतील कडे, एक बाहेरील कडे, त्या दोहोंमधील खाचेतून धावणाऱ्या पोलादी गोळ्या, आणि गोळ्यांना सारख्या अंतरावर राखणारा पिंजरा असे चार भाग असतात. मापे जगभर एकच असावीत म्हणून प्रत्येकास क्रमांक असतो. उदाहरणार्थ, ६२०४ या क्रमांकाच्या बेअरिंगचे आतील छिद्र २० मिलिमीटर, बाहेरील व्यास ४७ मिलिमीटर व जाडी १४ मिलिमीटर असते, मग ते कोणत्याही देशात बनलेले असो. म्हणूनच जुन्या बेअरिंगच्या कडेवर कोरलेला क्रमांक वाचता आला, तर बाजारातून त्याच मापाचे नवे आणणे सोपे जाते.

बेअरिंग कशाने मरते?

बेअरिंग काम करून करून झिजले, असे सामान्यतः म्हटले जाते. हे कितपत खरे आहे, ते पाहू. गोळ्यांच्या बेअरिंगचे आयुष्य त्यावरील भाराच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात असते. म्हणजे भार दुप्पट झाला, की आयुष्य एक-अष्टमांश होते. ६२०४ या बेअरिंगची भारक्षमता सुमारे १३,००० न्यूटन असते. याचा अर्थ असा, की इतक्या भाराखाली शंभरांपैकी नव्वद बेअरिंगे दहा लक्ष फेरे पुरे करतात. आता पट्ट्याची ओढ व पात्याचे हादरे मिळून १,००० न्यूटन, म्हणजे सुमारे १०० किलोग्रॅम वजनाइतका, भार पडतो असे समजू. भार तेरापट कमी झाल्याने आयुष्य तेराच्या घनाइतके, म्हणजे सुमारे २,२०० पट वाढते. मिनिटास ३,००० फेऱ्यांच्या हिशेबाने हा काळ १२,००० तासांहून अधिक होतो. वर्षास २०० तास यंत्र चालविले, तर हे बेअरिंग साठ वर्षे टिकावयास हवे.

प्रत्यक्षात मात्र ते दोन-तीन हंगामांतच कुरकुरू लागते. यावरून एकच निष्कर्ष निघतो: बेअरिंग श्रमाने मरत नाही, ते घाणीने व पाण्याने मरते.

गोळी व खाच यांच्यामध्ये वंगणाचा जो थर असतो, त्याची जाडी मिलिमीटरच्या हजाराव्या भागाइतकी किंवा त्याहूनही कमी असते. माणसाचा केस याच्या कितीतरी पट जाड असतो. या थराहून मोठा असा कोणताही कण आत आला, की तो गोळीखाली चिरडला जाऊन पोलादावर खळगा पाडतो. जबलपूरच्या भूमीत अशा कणांची वाण नाही. मदनमहालच्या टेकड्या ग्रॅनाइटच्या आहेत. ग्रॅनाइट झिजून जी वाळू होते, तिच्यातील गारगोटीचे कण बेअरिंगच्या पोलादाहूनही कठीण असतात. दुसरीकडे जिल्ह्यातील काळी माती इतकी बारीक असते, की तिला शिरण्यास अत्यंत लहान फटही पुरे होते. फिरणारे पाते उन्हाळ्यात धुळीचा लोट व पावसाळ्यात चिखलाचा आणि चिरडलेल्या गवताच्या रसाचा फवारा थेट खालच्या बेअरिंगवर उडवीत असते.

पाणी आत शिरण्याची रीतही लक्षात घेण्याजोगी आहे. यंत्र चालू असता बैठक तापते, तिच्यातील हवा प्रसरण पावते व थोडी बाहेर निघून जाते. काम संपताच माळी डेकवर पाण्याचा झोत सोडतो. तापलेली बैठक एकाएकी थंड होते, आतील हवा आकुंचन पावते, आणि निर्माण झालेल्या ओढीमुळे बाहेरचे पाणी फटींतून आत शोषले जाते. पावसाळा संपल्यावर यंत्र महिनोन् महिने कोठीत पडून राहते. आत राहिलेल्या पाण्याने गोळ्या ज्या जागी टेकलेल्या असतात तेथेच गंज चढतो, आणि पुढील आषाढात यंत्र सुरू होताच खरखर ऐकू येते.

ग्रीसगनचा दुहेरी परिणाम

अनेक यंत्रांत बैठकीच्या बाजूस ग्रीस भरण्याचे निपल असते व आत उघडी किंवा एकाच बाजूने झाकलेली बेअरिंगे असतात. नियमाने ताजे ग्रीस भरत राहिल्यास जुने ग्रीस घाणीसकट बाहेर ढकलले जाते. ही योजना चांगली आहे. परंतु ती यशस्वी होण्यासाठी निपल पुसून स्वच्छ केलेले असावे लागते, ग्रीस योग्य जातीचे व योग्य प्रमाणात असावे लागते, आणि हे काम वेळापत्रकानुसार व्हावे लागते. निपलवर चिकटलेली माती न पुसता ग्रीसगन लावली, तर ती माती ग्रीसबरोबर सरळ गोळ्यांमध्ये जाऊन पोहोचते. हातानेच चालणाऱ्या ग्रीसगनमध्येही हवेच्या दाबाच्या शेकडो पट दाब उत्पन्न होऊ शकतो. त्याने बेअरिंगवरील झाकण बाहेर फेकले जाते. शिवाय गरजेहून अधिक ग्रीस भरले, तर गोळ्यांना ते सतत घुसळावे लागते व बेअरिंग तापते. ज्या यंत्राची निगा अनेक हातांकडून घेतली जाते, तेथे काळजीपोटी केलेली कृतीच घातक ठरण्याचा संभव असतो.

बंदिस्त बेअरिंगचे स्वरूप

झाकणाच्या दृष्टीने बेअरिंगचे तीन प्रकार पडतात. पहिला उघडा, यात गोळ्या दिसतात. दुसऱ्यात दोन्ही बाजूंस पत्र्याच्या चकत्या असतात. क्रमांकापुढे झेडझेड ही अक्षरे असतात. या चकत्या आतील कड्याला स्पर्श करीत नाहीत. त्यामुळे खडे अडतात, पण बारीक धूळ व पाणी अडत नाही. तिसऱ्यात पोलादी पत्र्यावर रबर चढविलेल्या चकत्या असतात व त्यांचा लवचिक ओठ आतील कड्यावर हलकेच टेकलेला असतो. क्रमांकापुढे टूआरएस अशी अक्षरे आढळतात. यासच येथे बंदिस्त बेअरिंग म्हटले आहे.

यात कारखान्यातच स्वच्छ खोलीत, आतील मोकळ्या जागेचा सुमारे एक-तृतीयांश भाग व्यापेल इतके ग्रीस भरलेले असते. त्यात पुन्हा ग्रीस घालावे लागत नाही व घालताही येत नाही. ओठाच्या घासण्यामुळे घर्षण किंचित वाढते व कमाल वेगाची मर्यादा उघड्या बेअरिंगच्या मानाने निम्म्यावर येते. तरी ६२०४ मापाच्या बंदिस्त बेअरिंगला मिनिटास सुमारे १०,००० फेऱ्यांपर्यंत मुभा असते. पाते त्याच्या तिसऱ्या हिश्शाच्या आतच फिरत असल्याने ही उणीव येथे बाधत नाही. उलट, धूळ व पाणी यांना अटकाव होतो आणि निगा विसरली तरी बेअरिंग कोरडे पडत नाही, हे दोन लाभ पदरात पडतात.

बदलण्याची रीत

कामास आरंभ करण्यापूर्वी स्पार्क प्लगची तार काढून दूर बांधावी. यंत्र विजेवर चालत असेल, तर जोडणी तोडावी. पाते हाताने फिरविताना इंजिन अकस्मात सुरू झाल्यास बोटे गमावण्याची वेळ येते. म्हणून ही सूचना कधीही टाळू नये. पेट्रोलची तोटी बंद करावी व यंत्र कलते करताना त्याखाली भक्कम आधार द्यावा.

पाते लाकडाच्या ठोकळ्याने अडवून त्याचा नट सोडवावा. काही यंत्रांत हा नट उलट्या आट्यांचा असतो; म्हणून बळ लावण्यापूर्वी आटे कोणत्या दिशेस वळलेले आहेत ते पाहावे. नंतर पट्टा व पुली काढून संपूर्ण बैठक डेकपासून सोडवावी. सुटा होणारा प्रत्येक भाग ज्या क्रमाने निघाला, त्याच क्रमाने कागदावर मांडून ठेवावा. स्पिंडल काढल्यावर दोन बेअरिंगांच्या मध्ये पोलादाची एक आखूड नळी सापडते. तिला स्पेसर म्हणतात. ती क्षुल्लक वाटते. पण तिच्यावर पुष्कळ अवलंबून असते.

खालचा नट आवळला, की त्याचा जोर पाते, खालच्या बेअरिंगचे आतील कडे, स्पेसर, वरच्या बेअरिंगचे आतील कडे व पुली अशा साखळीतून जातो. गोळ्यांवर तो येत नाही. स्पेसर बसवावयाचा राहिला किंवा मापापेक्षा आखूड निघाला, तर दोन्ही आतील कडी एकमेकांकडे ओढली जातात. बाहेरील कडी मात्र बैठकीच्या खांद्यांवर अडून राहतात. अशा वेळी गोळ्या दोन्ही बाजूंनी चिमटल्या जातात आणि नवे कोरे बेअरिंगही थोड्याच तासांत तापून जळते. नव्या बेअरिंगला दिला जाणारा दोष पुष्कळदा या नळीचा असतो.

जुनी बेअरिंगे ठोकून काढल्यावर बैठक आतून धुऊन कोरडी करावी. तिच्यात नवे बेअरिंग हाताने फिरण्याइतके सैल बसत असेल, तर बैठकच बदलणे इष्ट. कारण बाहेरील कडे आत फिरू लागले, की बैठक झपाट्याने पोखरली जाते. बसविताना एक नियम कटाक्षाने पाळावा: जे कडे घट्ट बसवावयाचे असेल, त्याच कड्यावर जोर द्यावा. बैठकीत बसविताना बाहेरील कड्यावर, दांड्यावर बसविताना आतील कड्यावर. चुकीच्या कड्यावर हातोडी मारल्यास तो आघात गोळ्यांमधून जातो व खाचेत सूक्ष्म खळगे पडतात. बेअरिंग फिरण्यापूर्वीच जायबंदी होते. बाहेरील कड्याच्या मापाची एखादी नळी किंवा जुन्या बेअरिंगचे कडे मध्ये ठेवून हे काम सुरळीत करता येते.

बैठक ॲल्युमिनियमची असल्यास उष्णतेचा उपयोग करून घ्यावा. बैठक विजेच्या शेगडीवर सुमारे १०० अंश सेल्सियसपर्यंत तापविली, तर ४७ मिलिमीटरचे छिद्र सुमारे आठ शतांश मिलिमीटरने मोठे होते. एवढी सवड बहुधा पुरेशी असते व थंड बेअरिंग फारसा जोर न लावता आत उतरते. तापविण्याचे काम पेट्रोलपासून दूर करावे. बेअरिंग स्वतः मात्र तापवू नये. रबरी ओठ व आतील ग्रीस यांना ते सोसत नाही.

बसविल्यानंतरची काळजी

बंदिस्त बेअरिंग बसविल्यावर बैठकीवरील निपल निरुपयोगी ठरते. इतकेच नव्हे, तर ते धोक्याचे होते. पूर्वीच्या सवयीने कोणी तेथे ग्रीसगन लावली, तर दाबाने रबरी चकती आत किंवा बाहेर ढकलली जाईल. म्हणून निपल काढून तेथे स्क्रू बसवावा. काही कारागीर आतील बाजूची रबरी चकती मुद्दाम काढून बाहेरची तेवढी ठेवतात, म्हणजे निपलमधून ग्रीस देत राहता येते. ज्या ठिकाणी ग्रीस नियमाने व स्वच्छतेने दिले जाते, तेथे ही पद्धतही योग्य ठरते. जेथे तशी खात्री नाही, तेथे दोन्ही चकत्या राखणे हेच हिताचे.

बंदिस्त असले, तरी हे बेअरिंग अभेद्य नव्हे. दाबाच्या पाण्याचा झोत जवळून मारल्यास रबरी ओठ उचलला जाऊन पाणी आत जाते. म्हणून डेक खालून खरवडून साफ करावा व धुणे आवश्यकच असेल, तर यंत्र पुरते निवल्यावर धुवावे. पात्यावरील दांड्यास गुंडाळलेले गवत व दोऱ्या काढून टाकाव्यात. त्या घासून ओठ कापतात.

पात्याच्या समतोलाकडेही दुर्लक्ष होता कामा नये. धार लावताना एका बाजूचे पोलाद अधिक घासले गेले व मध्यापासून २० सेंटिमीटरवर केवळ २० ग्रॅमचा फरक पडला, तर मिनिटास ३,००० फेऱ्यांच्या वेगात त्यातून सुमारे ४०० न्यूटनचा, म्हणजे सुमारे ४० किलोग्रॅम वजनाइतका, जोर उत्पन्न होतो आणि तो सेकंदास पन्नास वेळा दिशा बदलीत बेअरिंगवर आदळतो. भिंतीतील खिळ्यावर पाते मधल्या छिद्रात अडकवून ते आडवे स्थिर राहते किंवा नाही, हे पाहण्यास एक मिनिटही लागत नाही. जी बाजू खाली झुकेल, ती थोडी घासावी.

महिन्यातून एकदा, यंत्र बंद करून व स्पार्क प्लगची तार काढून, हातमोजे घालून पाते हळूच फिरवून पाहावे. ते निःशब्द फिरावे. टोक धरून वर-खाली हलविले असता दांड्यात ढिलेपणा जाणवू नये. खरखर किंवा ढिलेपणा आढळल्यास हंगाम संपण्याची वाट न पाहता बेअरिंग बदलावे. अडकलेले बेअरिंग प्रथम पट्टा जाळते, आणि पुरते फुटले, तर एवढ्या वेगातील पाते डेकवर आपटू लागते. जवळ उभ्या असलेल्या माणसाच्या जिवाशी त्याचा संबंध आहे.

बैलगाडीवाला आसातील धूळ वंगणासकट पुसून काढीत असे. बंदिस्त बेअरिंगमध्ये धूळ मुळात आत येऊच नये अशी व्यवस्था केलेली असते. तथापि ही व्यवस्था टिकविणे हे हाताळणाऱ्याच्याच हाती राहते. मृग नक्षत्र लागण्यापूर्वी एक सकाळ यंत्राच्या तपासणीस दिली, दोन्ही बेअरिंगे व स्पेसर नीट असल्याची खात्री करून घेतली, म्हणजे भर पावसाळ्यात गुडघाभर गवतात यंत्र बंद पडण्याचा प्रसंग सहसा येणार नाही.